आरमोरीची अळी आणि वन्संचा अंबाडा

निघण्याआधी मी तीन याद्या केल्या. पहिली न्यायच्या वस्तूंची, दुसरी पाहायच्या किड्यांची, तिसरी करायच्या कामांची. पहिल्या यादीत तेवीस वस्तू होत्या. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

मी नाशिकला मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी ‘कोण कशाने धरतं’ असा विषय घेतला होता. माशी काचेवरून का घसरत नाही, मुंगी छताला उलटी कशी चालते, टोळाच्या पायाला काटे कशाला. एकेका किड्याच्या पायाचं मोठं चित्र काढायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या. सतरा चित्रं झाली होती. अठरावं चित्र कोशाच्या रेशमाच्या अळीचं काढायचं होतं. ती फांदीला अशी धरते की ओढली तर पाय तुटतात पण पकड सुटत नाही, असं ऐकलं होतं. ऐकीव गोष्टीवर मी चित्र काढत नाही.

म्हणून १९८६ च्या दिवाळीच्या सुटीत मी चंद्रपूरमार्गे गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीला गेले. बरोबर माझ्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या पाठच्या बहीण. त्यांना किड्यांची शिसारी आहे, कोशाच्या साडीची मात्र नाही.

तिसऱ्या यादीतलं चौथं काम मी ‘श्री. चं पाहणे’ एवढंच लिहिलं होतं. श्रीकांत हा वन्संचा मुलगा, नागपूरला नोकरीला. त्याला चंद्रपूरची मंदा पसंत होती, मंदाला तो पसंत होता. उन्हाळ्यात वन्सं मुलगी पाहायला गेल्या आणि म्हणाल्या, “सगळं चांगलं आहे, पण मुलीचे केस फार पातळ.” हे त्या मुलीच्या आईसमोर म्हणाल्या. तेव्हापासून पाच महिने ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. निघताना दिवाळीला घरी आलेल्या श्रीकांतने मला बाजूला घेऊन सांगितलं, “मामी, काहीतरी जमव. केसांवरून अडलंय असं मित्रांना सांगायची लाज वाटते.”

केसांच्या बाबतीत वन्संना बोलायचा अधिकार होता. त्यांचा अंबाडा आमच्या घराण्यात प्रसिद्ध होता. मुठीत मावत नाही, आकड्यांना आवरत नाही असा. माझी वेणी उंदराच्या शेपटीएवढी आहे आणि गेली वीस वर्षं मी प्रत्येक हळदीकुंकवाला त्यांच्या शेजारी बसायचं टाळत आले आहे.

चंद्रपूर

स्टेशनवर मंदाच्या आई कमलताई घ्यायला आल्या होत्या. बुटक्या, हसऱ्या, चालण्यात घाई. आरमोरी त्यांचं माहेर, त्यामुळे पुढचा प्रवास त्यांच्याच भरवशावर होता. त्या वन्संना जपून ‘ताई’ म्हणत होत्या. दुसरं काही म्हणायचा हक्क अजून मिळाला नव्हता.

दुपारी जेवायला वडाभात होता. मोकळा भात, त्यावर डाळीचे वडे कुस्करलेले, आणि वरून कढत फोडणीचं तेल. आमच्याकडे तेल भाजीत घालतात, इथे भातावर ओततात, आणि नको म्हटलं की पुन्हा ओततात.

“अवो, घ्या ना मॅडम. कोरडा भात काऊन खाऊन राह्यल्या?” कमलताई म्हणाल्या.

मी मंदाकडे पाहिलं. शांत मुलगी, वाढताना तेलाचा थेंब सांडत नव्हता. केस पातळ होते, ही गोष्ट खरी. मला ते पाहून फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे पिशवीतल्या वस्तू मोजल्या. भिंग, चिमटा, कात्री, काचेची पट्टी, कापूर, टाचण्या... तेवीस झाल्या आणि हात पिशवीच्या तळाशी आणखी कशालातरी लागला. मऊ, केसाळ, गुंडाळून बसलेलं. मी चिमट्याने ते बाहेर काढलं.

ते गंगावन होतं. विकतच्या केसांचा हातभर लांब झुपका.

तेवढ्यात न्हाणीघरातून वन्सं आल्या. डोक्यावर पदर होता, पण पदराखाली काहीच नव्हतं म्हणावं इतकं थोडं होतं. लिंबाएवढा अंबाडा. चिमटा माझ्या हातात तसाच.

“वहिनी, आधी दार लावा,” त्या म्हणाल्या.

मी दार लावलं.

“किड्यांच्या पिशवीत कोणी हात घालणार नाही म्हणून रात्री तिथे लपवलं होतं. टायफॉइडनंतर केस गेले. चौदा वर्षं झाली. यांनासुद्धा माहीत नाही.” मग माझ्या हातातून गंगावन घेऊन त्या म्हणाल्या, “कमलताईंना कळलं तर मी तोंड कुठे लपवू? त्यांच्या मुलीच्या केसांना मीच नावं ठेवली आहेत. तुम्हाला दादाची शपथ.”

दादा म्हणजे माझे यजमान. शपथ पाळणं भाग होतं. मी यादीत चोविसावा नंबर टाकला आणि पुढे जागा रिकामी ठेवली.

एसटीत

चंद्रपूर, मूल, गडचिरोली, आरमोरी. गडचिरोली जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, रस्त्याला ती बातमी अजून पोचायची होती. दोन्ही बाजूंना जंगल, मग एकदम धानाच्या बांध्या, मग तळं, मग पुन्हा जंगल. धान ओंबीवर आलेलं. पाहण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी पूर्ण वेळ खिडकीची काच पाहत होते, कारण तिच्यावर माशी होती.

प्रत्येक खड्ड्याला काच थाडथाड वाजत होती. कंडक्टर दांड्याला धरून तोल सावरत होता. एका आजोबांचं गाठोडं वन्संच्या मांडीवर आलं आणि वन्सं कमलताईंच्या. माशी तिथेच उभी, वर पुढचे दोन पाय एकमेकांवर चोळत होती. चार पायांवर निवांत.

“काय दिसते मॅडम एवढं?” कमलताईंनी विचारलं.

मी भिंग दिलं. माशीच्या प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या असतात, त्यांच्याखाली दोन गाद्या. गाद्यांवर अतिशय बारीक केस, आणि केसांच्या टोकांना ओल. खरबरीत जागी नख्या, गुळगुळीत जागी गाद्या. पाय चोळते ते नमस्कारासाठी नाही, गाद्या साफ ठेवायला. धूळ बसली की पकड गेली.

कमलताईंनी भिंगातून माशी पाहिली, मग कंडक्टर पाहिला. “म्हणजे सगळा खेळ बारीक केसांचाच म्हणा ना.”

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण वन्संनी पदर डोक्यावर घेतला आणि गडचिरोलीपर्यंत खाली घेतला नाही.

ऐनाच्या झाडाखाली

आरमोरीला कमलताईंच्या भावाच्या घरी उतरलो. भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण खाल्लं. सकाळी बैलगाडीतून मुखरूभाऊंच्या रानात निघालो. मुखरूभाऊ ढिवर. एरवी तळ्यातली मासळी धरतात, पावसाळा लागला की ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतात. तुतीच्या रेशमाचे किडे घरात ताटात पाळतात असं मी वाचलं होतं. इथे ते उघड्या रानात, झाडावर. घर नाही, ताट नाही. फक्त राखण.

मुखरूभाऊंच्या हातात गुलेल होती आणि दाढी छातीपर्यंत. डोक्यावर केसांचं रान. त्यांनी आमच्या चपला कुंपणाशीच काढायला लावल्या.

“पाळणूक चालू आहे बाई. कोसा उतरेपर्यंत मी मासळी खात नाई, दाढी करत नाई, केसाले लोखंड लावत नाई. रानात कोणाच्याच केसाले कात्री-वस्तऱ्याचं लोखंड लागलं नाई पाहिजे. लागलं का किडे बिमार पडते.”

“असं खरंच होतं?” मी वही काढली.

“आमच्या आज्यानं करून पाह्यलं नाई, बापानं नाई, मीही नाई,” ते म्हणाले. “तुमी करता का?”

मी नाही म्हटलं.

अळ्या पाहून मात्र मी वन्सं, श्रीकांत, शपथ, सगळं विसरले. माझ्या बोटाहून जाड, कैरीसारख्या हिरव्या, अंगावर चांदीचे ठिपके. पुढे छातीशी तीन जोड्या टोकदार पाय, ते पान धरायला. पोटाखाली चार जोड्या जाडे, मांसल पाय, आणि अगदी शेवटी एक जोडी चिमट्यासारखी. खरी पकड ह्या मागच्या पायांची. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक मांसल पायाच्या तळव्याला अर्धचंद्रासारखी आकड्यांची ओळ. सगळे आकडे आत वळलेले. फांदीच्या सालीत ते रुततात.

मी एका अळीला चिमट्याने हलकेच ओढून पाहिलं. तिने अंग आखडलं आणि जास्तच घट्ट धरलं.

“ओ मास्तरीणबाई!” मुखरूभाऊ धावत आले. “काऊन ओढून राह्यल्या? सोडा त्याले. पाय तुटते त्याचा. पाय तुटला का पाणी निंगते, मंग तो मरते, अन् बाजूचेही मरते.”

“मग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कसे नेता?”

“किडा नाई नेत. फांदी नेतो.” त्यांनी विळ्याने फांदी कापून दाखवली. पाच अळ्या तिच्यावर जशाच्या तशा बसलेल्या. फांदी दुसऱ्या झाडाला बांधली. “आता त्याच्या मनात येईल तवा तो पाय उचलीन. धराले त्याले काई जोर लागत नाई. झोपला तरी धरूनच राह्यते. जोर लागते सोडाले.”

हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं. मग तासभर अळीचं चालणं पाहून तपासलंही. बरोबर होतं. आकडे आपसूक रुतून राहतात. पाय सोडवायचा असेल तेव्हा अळी तळवा आत ओढते, मग आकडे सुटतात. धरणं फुकट, सोडणं कष्टाचं. अठरावं चित्र मिळालं.

मी वहीत डोकं घालून बसले असताना मागून कमलताईंचा आवाज आला, अगदी हळू.

“ताई, जराही हलू नका.”

वन्सं एका खाली आलेल्या फांदीखाली सावलीला उभ्या होत्या. फांदीवरून एक अळी, त्या रानातली सर्वांत धिप्पाड, शिस्तीत उतरून वन्संच्या अंबाड्यावर आली होती आणि वरच्या बाजूला पसरली होती. देवीच्या मुकुटासारखी.

“काय आहे?” वन्संनी विचारलं.

कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं.

“वहिनी, काय आहे?”

“अळी,” मी म्हटलं. “अठराव्या नंबरची.”

वन्सं ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटले. मान हलवली असती तर आकडे निघाले असते. अळीचे नव्हे, त्यांचे.

मुखरूभाऊंनी जवळ येऊन पाहिलं. त्यांची बायको सायत्राबाई कोवळी ऐनाची पानं घेऊन आली आणि अळीच्या तोंडाशी धरली. अळीने पानाला तोंड लावलं नाही. ती डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत होती आणि तोंडातून चकचकीत काहीतरी सोडत होती.

“घ्या!” मुखरूभाऊ म्हणाले. “हा तं कोसा बांधाले बसला. याचं खाणं सरलं. याले जागा पसंत पडली.”

“किती वेळ लागतो?” मी विचारलं.

“तीन दिवस. चारही लागते.”

वन्संनी एक डोळा उघडला.

“बसा इथीच, बाई,” सायत्राबाई मायेने म्हणाली. “मी भात आणून देईन. झोपाचं काय, बसल्या बसल्या झोपा. आमचे हे मचाणावर तसेच झोपते.”

उपाय काढणं हे माझं काम. मी क्रमाने गेले. ओढणे: नाही, पाय तुटतील आणि रान बिघडेल. वाट पाहणे: तीन दिवस, आणि परतीची एसटी तिनाला. फांदी कापून नेणे: फांदी म्हणजे इथे वन्संचे केस. माझ्या पिशवीत कात्री होती, तिसरी वस्तू. मी नुसती बाहेर काढली तर मुखरूभाऊंनी दोन्ही हात आडवे केले.

“लोखंड नाई! केसाले नाई! एका किड्यापायी सारं रान जाईन माझं.”

“बरोबर आहे त्यायचं,” कमलताई म्हणाल्या. मग वन्संकडे वळून, “अन् एवढे सोन्यासारखे केस कापाचे कसे हो? असे केस आता पाहाले मिळत नाई. आमच्या मंदीले तं देवानं...” त्या थांबल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना वन्संच्या केसांची खरोखरच काळजी वाटत होती.

मला उपाय माहीत होता. तिथे तो मला आणि वन्संना, दोघींनाच माहीत होता. पण दादाची शपथ. मी वन्संच्या समोर जाऊन उभी राहिले आणि तोंड बंद ठेवलं. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसले नाही.

डोक्यावर अळी डावी-उजवी करत होती. एक धागा कानामागे गेला. मुखरूभाऊ उकिडवे बसून तिच्याकडे पाहत होते, दुखणाइताकडे पाहावं तसे. वन्संनी ते पाहिलं. मग कमलताईंचे डोळे पाहिले. सोडायला जोर लागतो.

“वहिनी,” त्या शेवटी म्हणाल्या, “यादी काढा.”

“काढली.”

“चोविसावी वस्तू वाचा.”

“तिथे जागा रिकामी आहे, वन्सं.”

“भरा,” म्हणाल्या, आणि स्वतःच हात वर नेऊन एक, दोन, तीन, चार आकडे काढले. मग अंबाडा दोन्ही हातांनी, अळीसकट, कळशी उतरवावी तसा डोक्यावरून अलगद उतरवला आणि मुखरूभाऊंच्या हातात दिला.

झाडावर कुठेतरी एक होला घुमत होता. बाकी सगळं थांबलं.

“हे तं निंगते!” मुखरूभाऊ म्हणाले. “मंग आधी काऊन नाई सांगितलं बाई? आमी इथी जीव टांगून राह्यलो!” आणि त्यांनी धोतराची किनार फाडून गंगावन ऐनाच्या फांदीला नीट बांधूनसुद्धा टाकलं. त्यांच्या दृष्टीने एक फांदी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेली होती. विषय संपला. अळीने डोकं हलवायचं क्षणभरही थांबवलं नव्हतं.

वन्सं लिंबाएवढा अंबाडा घेऊन उभ्या होत्या. कमलताईंनी तोंड फिरवलं होतं. खांदे हलत होते.

“हसा,” वन्सं म्हणाल्या. “मंदाच्या केसांना मी नावं ठेवली. हसा तुम्ही.”

कमलताई वळल्या. हसून हसून पदर तोंडात गेला होता. तो काढून त्या म्हणाल्या, “ताई, राग नका मानू. एकच सांगा. हे मिळते कुठी? मंदीच्या लग्नात मलेही पाहिजे.”

“कुणाशी लग्न?” वन्संनी ताठ आवाजात विचारलं.

मुखरूभाऊंनी एका कावळ्यावर गुलेल मारली.

“माझ्या श्रीकांतशीच ना?” वन्सं म्हणाल्या. “मग दोन घेऊ. एक तुम्हाला, एक मला. नाशिकला ओळखीचं दुकान आहे, विहीणबाई.”

मी चौथ्या कामावर टिक केली. तिनाची एसटी चुकली. ती यादीत नव्हती.

नंतर

वन्संनी आरमोरीला कोशाची साडी घेतली, मधाच्या रंगाची. दुकानात विणकराला विचारलं, एका साडीला किती कोसे, म्हणजे किती अळ्या लागतात. त्याने सांगितलेला आकडा ऐकून त्या साडीला दोन मिनिटं हात लावीनात. मग म्हणाल्या, “द्या बांधून. ओळख झाली आता.”

लग्न वैशाखात झालं. कमलताईंनी येताना मिठाईच्या खोक्यात गंगावन आणलं, मुखरूभाऊंनी पाठवलेलं. त्याला कोंबडीच्या अंड्याएवढा करडा, टणक कोसा लटकलेला होता. अळीने कोशाला देठ केला होता आणि देठाच्या टोकाला कडं, केसांच्या बटेभोवती पक्कं वळवलेलं. पाय आत गेले, तरी पकड बाहेर राहिलीच. हे एकोणिसावं चित्र.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर एका सकाळी प्रयोगशाळेत कोसा ओला झाला आणि त्यातून वीतभर पंखांचा पतंग निघाला. पंख अजून चुरगळलेले. तो गंगावनाला सहा पायांनी धरून उलटा लटकला, कारण लटकल्याशिवाय पंख उलगडत नाहीत. मी वन्संना बोलावणं पाठवलं. पातळ वेणी घालून त्या रिक्षातून आल्या. एका मुलीने बोट पुढे केलं, तर वन्संनी तिचा हात धरला.

“ओढू नकोस गं. त्याचं तो सोडेल.”

संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या. पतंग गेला. गंगावन मी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

प्रयोगशाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद आहे. ‘गंगावन, कोशासह, नग एक.’ ‘कोणाकडून मिळाले’ हा रकाना मी ‘एक हितचिंतक’ असा भरला होता. वन्संनी पेन मागून घेतलं, ते खोडलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग पुढच्या शेऱ्याच्या रकान्यात, वळणदार अक्षरात: ‘चौदा वर्षे वापरलेले. चांगल्या स्थितीत.’